फिल कॉलिन्स की सायमन फिलिप्स : ड्रम्स शिकणाऱ्यानं कुणाचा माग काढावा?

हात बऱ्यापैकी बसलाय, बँडबरोबर वाजवणं जमतंय आणि आता मिक्सरसमोरही बसून पाहावंसं वाटतंय, अशा टप्प्यावर एकाच वादकाची अख्खी कारकीर्द अल्बममागून अल्बम ऐकून काढण्यासारखा अभ्यास नाही. माझ्यापुढे नावं दोन होती, दोन्ही लंडनची. दोघंही ड्रमर, दोघंही अल्बमचे निर्माते. कॉलिन्सची ओळख करून द्यायला नको. फिलिप्सचं नाव कमी जणांना ठाऊक असतं, पण त्याचं वाजवणं नकळत कानावरून गेलेलं असतं.

निर्माता म्हणून कॉलिन्सचं पारडं जड आहे, हे आधीच मान्य करतो. १९८१ मध्ये जॉन मार्टिनचा 'ग्लोरियस फूल', पुढच्या वर्षी 'आबा'तल्या फ्रीडाचा 'समथिंग्ज गोइंग ऑन', मग फिलिप बेली, १९८५ मध्ये एरिक क्लॅप्टनचा 'बिहाइंड द सन'. शिवाय कुठे वाजवायचं नाही याची त्याची जाण विलक्षण. 'इन द एअर टुनाइट'मध्ये साडेतीन मिनिटं उलटून जाईपर्यंत ड्रम मशीनच गाणं सांभाळतं, खरे ड्रम्स त्यानंतर येतात. एवढा धीर धरणं मला अजूनही अवघड जातं.

पण माझं घोडं अडलं ते त्याच ड्रम्सच्या आवाजापाशी. गायक पीटर गेब्रिएलच्या १९८० मध्ये आलेल्या तिसऱ्या अल्बमसाठी कॉलिन्स वाजवत असताना लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत तो आवाज सापडला. सिंबल (धातूच्या थाळ्या) वाजवायचेच नाहीत ही गेब्रिएलची अट, आणि वादकांचं बोलणं ऐकण्यापुरत्या ठेवलेल्या माइकला ध्वनिमुद्रक ह्यू पॅजमच्या कन्सोलमधलं जबरदस्त कॉम्प्रेशन, म्हणजे लहानमोठे आवाज दाबून एका पातळीवर आणणं. आघात झाला की खोलीचा घुमारा फुगतो आणि नॉइज गेट (आवाज उतरला की तो बंद करणारं यंत्र) तो पुढच्याच क्षणी कापून टाकतं. ऐकायला भव्य, पण त्यावरून शिकायला बसलात की पंचाईत होते. स्नेअरवरचे दोन ठळक ठोक्यांमधले हलके आघात, ज्यांच्यामुळे ठेका चालता राहतो, ते त्या भिंतीआड जातात. मी 'इन द एअर टुनाइट'मधली ती प्रसिद्ध 'फिल' (ठेका मोडून वाजवलेला ड्रम्सचा छोटा तुकडा) जशीच्या तशी बसवली आणि तासावर भाड्यानं घेतलेल्या प्रॅक्टिस रूममध्ये वाजवली. टॉम नुसते धप्प वाजले. आघात बरोबर होते, जागा बरोबर होती, पण मी ज्याची नक्कल करत होतो त्यातला निम्मा भाग स्टुडिओचा होता. ही टोचणी काही केल्या गेली नाही. (सत्तरच्या दशकातले त्याचे बँड, जेनेसिस किंवा 'ब्रँड एक्स', ऐकलेत तर त्याचे हात स्वच्छ ऐकू येतात, हेही सांगायला हवं. तो कॉलिन्स मला फार प्रिय आहे.)

फिलिप्सकडे वळलो तो याच कारणानं. वडील सिड फिलिप्स यांच्या डिक्सीलँड बँडमध्ये हा बाराव्या वर्षापासून व्यावसायिक वाजवायला लागला. त्यानंतरची यादी पाहा : १९७६ मध्ये '८०१' हा बँड, १९७७ मध्ये ज्युडास प्रीस्टचा 'सिन आफ्टर सिन', १९८० मध्ये जेफ बेकचा 'देअर अँड बॅक', १९८९ मध्ये 'द हू'चा दौरा. ड्रमर जेफ पोर्कारो वारल्यावर १९९२ मध्ये 'टोटो' बँडमध्ये आला आणि २०१४ पर्यंत राहिला, त्यातच पियानोवादक हिरोमीबरोबर जॅझही वाजवलं. हेवी मेटलपासून जॅझपर्यंत कुठेही ऐका, त्याचा प्रत्येक आघात सुटा ऐकू येतो. 'देअर अँड बॅक'मधल्या 'स्पेस बूगी'त दोन्ही पायांचा शफल (झुलत्या चालीचा ठेका) अखंड धावत असताना वर हात काय करताहेत, हे कान देऊन लिहून काढता येतं. मी तसं काढलंही.

निर्मितीत त्याचं काम संख्येनं कमी आहे, पण माइक ओल्डफिल्डच्या १९८३ च्या 'क्रायसिस'चा तो सहनिर्माता होता. 'मूनलाइट शॅडो' त्यातलंच. एवढा तयारीचा वादक तिथे किती साधं वाजवतो! त्याच्या स्वतःच्या 'प्रोटोकॉल' बँडच्या अलीकडच्या अल्बमांचं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगही त्यानंच केलंय.

अडचणी त्याच्याही आहेत. काम इतरांच्या अल्बमांत विखुरलेलं, ते शोधत बसावं लागतं. दोन बेस ड्रम, भलामोठा गाँग ड्रम, ऑक्टोबान (अरुंद नळीसारखे ड्रम) असा त्याचा संसार आपल्याला कुठे मिळणार? शिवाय तो हात न ओलांडता डाव्या हातानं हाय-हॅट (स्टँडवरची थाळ्यांची जोडी) वाजवतो, त्यामुळे आधी स्टँड खाली उतरवावा लागतो, आणि भाड्याच्या खोलीतले स्क्रू बहुधा गंजलेले असतात. पण स्टँड उतरला की बाकीचं सगळं आपल्या साध्या पाच ड्रमच्या सेटवरही करून पाहता येतं.

गाणी लिहायची, गायची आणि त्याभोवती ड्रम्स रचायचे असतील, तर कदाचित कॉलिन्सच तुमचा माणूस. उद्या कुणीही साथीला बोलावलं तरी तयार असायचं असेल, तर मी फिलिप्सच म्हणेन. सुरुवात 'देअर अँड बॅक'पासून करा, आणि तो हेडफोनवर ऐका.