डेटा सेंटरचे काम आणि आयटीआयचा ट्रेड: इलेक्ट्रिशियन, एसी मेकॅनिक की वेल्डर?

नवी मुंबईतील ऐरोली, महापे, रबाळे आणि पनवेल या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत डेटा सेंटरच्या, म्हणजे इंटरनेटवरचा डेटा साठवणारे संगणक (सर्व्हर) ठेवण्याच्या, इमारती एकामागून एक उभ्या राहिल्या आहेत आणि अजूनही राहत आहेत. तिथे वायरमन, वेल्डर, पाइप फिटर यांना मागणी आहे ही बातमी विदर्भातील आर्वी, उमरेड, ब्रह्मपुरीपर्यंत पोहोचते. मग दहावी झालेल्या मुलाच्या घरी विचार सुरू होतो की आयटीआयच्या अर्जात कोणता ट्रेड आधी टाकावा. हा आढावा त्या निर्णयापुरता आहे.

डेटा सेंटरमधील सर्व्हर जेवढी वीज घेतात, जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर टाकतात. त्यामुळे तिथे खर्चाचा आणि कुशल कामाचा मोठा वाटा वीज आणण्यावर व थंडावा टिकवण्यावर पडतो. गवंडीकाम त्या मानाने लवकर आटोपते. मात्र बांधकाम चालू असेपर्यंत शेकडो माणसे लागतात आणि इमारत सुरू झाली की पाळीमागे मोजकीच माणसे उरतात. बातम्यांमध्ये रोजगाराचा जो मोठा आकडा येतो, त्यात हे दोन टप्पे बहुधा वेगळे केलेले नसतात. म्हणून ट्रेड निवडताना इमारत पूर्ण झाल्यावर आणि गावाकडे परतल्यावर त्या हातांना काय काम मिळेल, हा प्रश्न मी आजच्या रोजाच्या दरापेक्षा वरचा मानतो.

इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि त्याला विज्ञान व गणितासह दहावी उत्तीर्ण असावे लागते. साइटवर त्याच्यासाठी सर्वांत जास्त काम असते. उच्च दाबाचे उपकेंद्र, ट्रान्सफॉर्मर, पॅनेल, बसडक्ट (मोठा वीजप्रवाह नेणाऱ्या पट्ट्यांची बंदिस्त पेटी), केबल ट्रे, अर्थिंग, वीज गेल्यावर डिझेल जनरेटर सुरू होईपर्यंतचे काही सेकंद भार सांभाळणारी यूपीएस आणि तिच्या बॅटऱ्या, हे सगळे त्याच्याच हाताखालून जाते. पण नवख्या मुलाला पहिले कित्येक महिने केबल ओढणे आणि तिच्या टोकांना ग्लँड बसवणे व लग मारणे एवढेच मिळते. त्याच्या पुढे जाण्याच्या वाटा दोन. पहिली वाट एचटी, म्हणजे उच्च दाबाच्या, केबल जॉइंटिंगची. हे काम येणारे लोक कमी आहेत आणि एक जॉइंट फसला तर संपूर्ण फीडर (वीजवाहिनी) बंद पडतो, त्यामुळे चांगल्या जॉइंटरला ठेकेदार सहसा सोडत नाही. दुसरी वाट परवान्याची: आधी वायरमनचा आणि अनुभवानंतर सुपरवायझरचा. परवान्याशिवाय दहा वर्षे काम करूनही माणूस हेल्परच्या दरात अडकलेला दिसतो. गावाकडची बाजूही भक्कम आहे. महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती या कंपन्या आयटीआय उमेदवारांना शिकाऊ म्हणून घेतात, आणि छतावरील सौर पॅनेल व सौर कृषिपंप यांमुळे तालुक्याच्या गावीही काम वाढले आहे. उणीव एकच, पण मोठी: या ट्रेडकडे सर्वांचाच ओढा असतो. प्रवेशाची गुणवत्ता यादी वर जाते आणि बाहेर पडल्यावर स्पर्धाही तितकीच असते.

रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेडही दोन वर्षांचाच, आणि पात्रताही तीच. तरी आमच्याकडे याला ‘एसी-फ्रिज दुरुस्तीवाला’ म्हणून कमी लेखले जाते. माझ्या मते ही समजूत चुकीची आहे. डेटा सेंटरमध्ये चिलर (पाणी थंड करणारी मोठी यंत्रे), थंड पाण्याचे पंप, हवा खेळवणारी यंत्रे आणि त्यांची नियंत्रणे बसवावी लागतात; पण महत्त्वाचे असे की ही यंत्रे चोवीस तास चालतात आणि त्यांची देखभाल कधी संपत नाही. बांधकामानंतर जी थोडी माणसे टिकतात, त्यांत विजेचा आणि थंडाव्याचा तंत्रज्ञ हमखास असतो. गावाकडे पाहिले तर नागपूर-अमरावती पट्ट्यातील संत्र्याची शीतगृहे, दूध संकलनाचे बल्क कूलर, औषध दुकानांतील फ्रीज आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की घरोघरी आठवणारे एसी, एवढे काम जिल्ह्यातच आहे. अडचण अशी की घरगुती एसीवर शिकलेला मुलगा मोठ्या चिलरपुढे गोंधळतो, कारण तिथे गॅस भरण्याइतकेच पाण्याचा दाब, व्हॉल्व्ह आणि कंट्रोल पॅनेल यांचे ज्ञान लागते. त्यामुळे आयटीआयनंतरची शिकाऊ उमेदवारी दुकानात न करता चिलर असलेल्या कारखान्यात किंवा मोठ्या रुग्णालयात करता आली तर फरक पडतो. शिवाय एसीतला जुना आर-२२ वायू देशात २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होत असल्याने नव्या वायूंची हाताळणी शिकलेल्याला पुढे अधिक वाव राहील.

वेल्डरचा अभ्यासक्रम एकाच वर्षाचा आहे आणि आठवी उत्तीर्ण मुलालाही तो घेता येतो. घरची परिस्थिती अशी असेल की दोन वर्षे थांबणे शक्य नाही, तर हा ट्रेड वाईट नाही, पण इथे प्रमाणपत्रापेक्षा चाचणीला किंमत आहे. साधा आर्क वेल्डर केबल ट्रेचे आधार आणि ग्रिल जोडतो आणि रोजंदारीवर राहतो. थंड पाण्याच्या पाइपलाइनवर, विशेषतः स्टेनलेस स्टीलच्या पाइपवर टिग वेल्डिंग (आर्गॉनसारख्या वायूच्या आवरणाखालचे बारीक वेल्डिंग) करणारा आणि ६जी स्थितीतील, म्हणजे तिरक्या, न फिरवता येणाऱ्या पाइपवरची, चाचणी पास झालेला वेल्डर वेगळ्याच दरात जातो. एआयसाठीच्या सर्व्हरमध्ये थंड द्रव थेट चिपपर्यंत नेण्याची पद्धत वाढत असल्याने अशा स्वच्छ, गळती नसलेल्या जोडांचे काम कमी होण्याची चिन्हे नाहीत. मात्र पाइपलाइन पूर्ण झाली की डेटा सेंटरमधील वेल्डरचे कामही संपते, हे मान्य करूनच जावे. त्याची खरी बाजू विदर्भातच आहे: चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, मौदा आणि तिरोडा येथील औष्णिक केंद्रांत बॉयलर दुरुस्तीसाठी बंद ठेवण्याच्या (शटडाउनच्या) काळात एचपी, म्हणजे उच्च दाबाच्या पाइपच्या, वेल्डरचा शोध सुरू असतो आणि गडचिरोली जिल्ह्यात कोनसरीला पोलाद उद्योग उभा राहिला आहे. ज्याला घर सोडायचे नाही, त्याच्यासाठी नवी मुंबईपेक्षा ही यादी अधिक कामाची आहे. डोळे आणि फुप्फुसे यांची किंमत मात्र या ट्रेडमध्ये सर्वांत जास्त मोजावी लागते.

फिटर आणि प्लंबर यांनाही तिथे जागा आहे. फिटर पंप आणि पाइपवर, प्लंबर अग्निशमनाच्या पाण्याच्या जाळ्यावर काम करतो. पण केवळ डेटा सेंटरसाठी म्हणून हे ट्रेड निवडण्याचे कारण मला दिसत नाही.

नवी मुंबईच्या दराची गावच्या दराशी तुलना करताना राहणे, मेस, प्रवास आणि काम नसलेले दिवस वजा करावेत. आठ तासांचा दर आणि बारा तासांचा दर यांतली गफलत सर्रास होते, आणि जादा तासांना दुप्पट दराने मजुरी मिळायला हवी हे मुकादम आपणहून सांगत नाही. जाण्यापूर्वी ठेकेदार भविष्य निर्वाह निधी कापतो का आणि यूएएन (त्या निधीच्या खात्याचा कायमचा) क्रमांक देतो का, हे विचारावे. नाही म्हणाला तर तो पगारही वेळेवर देईल असे धरू नये. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर येते, पण त्यासाठी हजेरीचा लेखी पुरावा जवळ असावा लागतो. मागील बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयोगटातील कामगाराला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. साइट सोडण्यापूर्वीच त्या ९० दिवसांचे प्रमाणपत्र मागून घ्यावे, नंतर ते देणारा माणूस सापडत नाही.

अर्ज भरायचा झाल्यास माझा क्रम असा राहील. गुण चांगले असतील आणि परवान्यापर्यंत जाण्याची चिकाटी असेल तर आधी इलेक्ट्रिशियन, मग एसी-रेफ्रिजरेशन. गुण मध्यम असतील तर दूरच्या खासगी आयटीआयमधील इलेक्ट्रिशियनपेक्षा जवळच्या शासकीय आयटीआयमधील एसी-रेफ्रिजरेशन वर ठेवावे; तिथे शुल्क कमी असते आणि बहुधा गर्दीही. एका वर्षात कमाई सुरू होणे भाग असेल तर वेल्डर, पण त्याच वेळी टिगच्या पुढील प्रशिक्षणासाठी पैसे बाजूला ठेवूनच. आणि पर्याय नोंदवण्यापूर्वी त्या संस्थेच्या कार्यशाळेत एकदा जाऊन यावे: चिलर किंवा टिगचे यंत्र आहे का, आणि असल्यास ते चालू आहे की नुसते झाकून ठेवले आहे, हे माहितीपुस्तिकेत छापलेले नसते.