जुन्या सोडियम दिव्यात एलईडी कॉर्न बल्ब : कुठे चालतो, कुठे नाही

मक्याच्या कणसासारखा चहूबाजूंनी एलईडी लावलेला, ई-४० टोपीचा (४० मिमी आट्यांचा) ५० वॅटचा एलईडी 'कॉर्न' बल्ब १५० वॅट सोडियम व्हेपरच्या (पिवळ्या उजेडाच्या जुन्या पथदिव्यातल्या बल्बच्या) जागी थेट बसतो, असं खोक्यावर छापलेलं असतं. आट्यांत बसतो, हे खरं. पण रिफ्लेक्टरवाला (उजेड रस्त्याकडे वळवणारा चकचकीत पत्रा असलेला) जुना पथदिवा जपायचा असेल, तर हा बल्ब घेऊ नका.

मूळ अडचण उजेडाच्या आकाराची आहे. सोडियम दिव्यातली जळती नळी बोटापेक्षा बारीक असते आणि रिफ्लेक्टरची वळणं नेमकी तिच्यासाठी काढलेली असतात. कॉर्न बल्ब सोडियमच्या बाहेरच्या काचेहूनही (साधारण ४८ मिमी) बराच जाड. त्यामुळे रस्त्याच्या लांबीत जाणारा पसारा जातो, उजेड खांबाच्या पायाशी साचतो आणि वरच्या बाजूच्या एलईडींचा उजेड रिफ्लेक्टर आणि बल्बच्या मध्येच अडकतो. रंगही परका वाटतो. सोडियमचा सुमारे २००० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा कमी तितका पिवळा) पिवळा ३००० केल्विनच्या 'वॉर्म' बल्बमधून मिळत नाही.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. गॅस्केट लावून बंद केलेल्या दिव्यात बल्बच्या ड्रायव्हरमधला (एलईडींना योग्य वीज देणाऱ्या सर्किटमधला) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतो. आधी लुकलुक, मग अंधार. पंखा असलेला बल्बही तीच गरम हवा फिरवत राहतो. आडव्या होल्डरवर जास्तीचं वजन येतं ते वेगळंच. मधली स्प्रिंग आधीच मऊ पडली असेल, तर ठिणग्या पडून संपर्क काळा होतो.

तरीही बसवायचाच असेल, तर पथदिव्यातला चोक (प्रवाह आवरणारी कॉइल), इग्नायटर (सोडियम पेटवणारा भाग) आणि कपॅसिटर तिन्ही जोडणीतून बाहेर काढा. इग्नायटर काही हजार व्होल्टचे झटके देतो; त्यांत एलईडीचा ड्रायव्हर टिकत नाही. वीज तोडा, कपॅसिटर १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून काही सेकंद रिकामा करा आणि मीटरने खात्री करा. फेज होल्डरच्या मधल्या टोकाला, न्यूट्रल आट्यांना, अर्थिंग धातूच्या अंगाला. मूळ वायरी कापू नका. टोकं स्लीव्हमध्ये झाकून चिठ्ठी लावा. पथदिव्याच्या आतल्या बाजूला 'फक्त एलईडी' असं ठळक लिहा, कारण चोकशिवाय सोडियमसारखा डिस्चार्ज दिवा पेटला तर प्रवाहाला आवर राहत नाही.

आमची पसंती मूळ संचालाच. १५० वॅटसाठी त्याच वॅटचा सोडियम चोक, जुळणारा इग्नायटर, सुमारे २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि होल्डरपर्यंत उष्णता सोसणारी सिलिकॉन वायर. मर्क्युरी दिव्याचा चोक दिसायला सारखा असतो, पण चालत नाही. दिवा पेटतो, काही मिनिटांनी विझतो, थंड झाल्यावर पुन्हा पेटतो, असं चक्र दिसलं की बरेच जण इग्नायटर बदलतात. बहुतेक वेळा सोडियमचा बल्बच म्हातारा झालेला असतो, त्याचं व्होल्टेज चढलेलं असतं. मेलेला बल्ब लावून वीज चालू ठेवू नका, इग्नायटरचे झटके चोक आणि होल्डरचं इन्सुलेशन खातात. रिफ्लेक्टरला धातूचं पॉलिश नको, त्याने अ‍ॅनोडायझिंगचा (अ‍ॅल्युमिनियमवरचा संरक्षक) थर निघतो. सौम्य साबण आणि मऊ फडकं पुरे.

कॉर्न बल्ब शोभतो तो दुधी काचेच्या गोल डोमात. तिथे रिफ्लेक्टर नसतो, काच उजेड पसरवते आणि आत हवेला जागा असते. तिथेही आधी डोमाच्या तोंडाचं माप घ्या, बल्ब त्यातून आत जायला हवा.