आरएक्स १०० की कास्ट आयर्न बुलेट: घरी खोलायला कुठली घ्यावी?

जुनी गाडी घ्यायची आणि घरीच खोलून बनवायची असं एकदा डोक्यात शिरलं की गाडी फिरून फिरून दोन नावांवर येते, यामाहाची आरएक्स १०० नाहीतर रॉयल एनफिल्डची जुनी कास्ट आयर्न (बिडाच्या इंजिनाची) बुलेट ३५०. आणि दोन्हीकडचे फॅन असे की विचारायला गेलं की भांडणच जास्त, उत्तर कमी. मी दोन्ही खोलल्यात त्यामुळे माझं मत सांगतो, पिकअप, आवाज, रुबाब हे सगळं नंतर, आधी बघा गाडी कुठे खोलणार, पार्ट कुठून आणणार आणि कागद कसे आहेत.

इंजिनाच्या बाबतीत आरएक्स म्हणजे नवशिक्यासाठी सोपं प्रकरण. टू-स्ट्रोक, ९८ सीसी, ११ बीएचपी, १९८५ ते १९९६ एवढीच बनली. फोर-स्ट्रोकसारखे हेडमधले व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टॅपेट नाही, हेडचे चार नट काढून बोअर (म्हणजे सिलिंडर) वर उचलला की पिस्टन समोर. हाफ इंजिनचं काम, म्हणजे हेड, बोअर आणि पिस्टन एवढंच, गॅलरीत गोणपाट टाकून होतं. जपायचं ते रिंगच्या तोंडाला. पिस्टनच्या खाचेत एक बारीक पिन असते, रिंगची दोन्ही टोकं तिच्या दोन बाजूंना बसली पाहिजेत, नाहीतर टोक पोर्टच्या (बोअरमधल्या गॅस येण्याजाण्याच्या) खिडकीत अडकतं आणि नव्या कोऱ्या बोअरला ओरखडा. म्हणून बोअर खाली सरकवताना दोन बोटांनी रिंग दाबून धरायची, जरा जरी अडतंय वाटलं तर जोर न लावता थांबायचं, परत उचलून बघायचं. गजनपिनची (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनची) लॉक काढताना क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या, तोंडात फडकं कोंबा, ती लॉक टुणकन उडून आत गेली की हाफ इंजिनचं फुल इंजिन झालंच समजा, म्हणजे केसही फोडावी लागणार, आणि काढलेली जुनी लॉक परत लावू नका, दोन रुपडे वाचवायची ती जागा नाही.

फुल इंजिनला मात्र आरएक्सही घरी पूर्ण होत नाही. मॅग्नेट ओढून काढायला पुलर नावाचं हत्यार लागतं (हातोडीने ठोकणारे आहेत, त्यांच्या गाड्या बघा), कनेक्टिंग रॉड बदलायचा तर क्रँक प्रेसवर जातो, म्हणजे लेथवाला आलाच. केस फोडलीच आहे तर क्रँकची दोन्ही सील बदलून टाका, कडक झालेलं सील बाहेरची हवा ओढतं, मिक्श्चर पातळ होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त) आणि पिस्टन सीझ होतो, म्हणजे बोअरमध्ये जाम होतो, मग लोक म्हणतात ऑइल कमी पडलं.

बुलेट वेगळीच. ३४६ सीसी, ७० मिमी बोअरचा व्यास, ९० मिमी स्ट्रोक, १८ बीएचपी. भाग जास्त, पण मला घरकामासाठी तिची एक गोष्ट फार आवडते, इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे आहेत. गिअर सुटतोय तर फक्त गिअरबॉक्स खोला, इंजिन आहे तसं राहू दे, क्लच प्लेटा बदलायच्या तर प्रायमरी (क्लचच्या बाजूचं कव्हर) उघडा, बास. हळूहळू, पगार होईल तसं करत जाता येतं. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉडची ढिलाई) लावणं तर शिकण्यासारखं काम आहे, इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आणायचा, बोअरच्या बुडाशी एका नटाचं छोटं कव्हर असतं ते काढायचं, आत दोन पुशरॉड दिसतात. रॉड बोटाने अलगद फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये, एवढंच माप, फिलर गेज वगैरे काही नाही. चार वेळा घट्ट-सैल केलं की बोटाला कळायला लागतं. किकचंही तसंच, हळू किक दाबत हेडलाइटजवळच्या ॲमीटरचा काटा मधे आणायचा, डीकॉम्प्रेशनचा (कॉम्प्रेशन सोडणारा) लिव्हर दाबून किक थोडी पुढे न्यायची, सोडायचं, मग सणसणीत किक. घाई केली की किक उलटी येते आणि पोटरी आठवडाभर बोलते.

आता जागा. आरएक्स शंभरेक किलोची, इंजिन एकटा माणूस फ्रेममधून उचलून टेबलावर ठेवतो. बुलेट दीडशेच्या बरीच वर, तिचं इंजिन काढायला दुसरा माणूस, खाली टेकू आणि तळमजला हवाच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन महिने उघडी बुलेट म्हणजे सेक्रेटरीशी रोज राम राम. गळणारं ऑइल वेगळं.

पार्टचा हिशोब मात्र उलटा आहे. बुलेटचं कास्ट आयर्न इंजिन २०१० च्या आसपासपर्यंत चाललं, त्यामुळे पिस्टनपासून पत्र्यापर्यंत सगळं मिळतं, पुण्यात नाना पेठेत फिरा, नाहीतर दिल्लीच्या करोल बागेतून मागवा. आरएक्सचंही "मिळतं", पण जे मिळतं त्यात डुप्लिकेट फार, डब्यावर ओरिजिनल लिहिलेलं असलं म्हणून काय झालं, आणि खरं जुन्या स्टॉकचं निघालं तर दुकानदार सोन्याच्या भावात सांगतो. गाडीचंही तेच, कागद क्लिअर असलेल्या आरएक्सला लोक लाखाच्या घरात मागतात, म्हणजे बनवायच्या आधीच अर्धा खिसा रिकामा. कोल्हापूरकडच्यांना एक फायदा आहे, उद्यमनगरात लेथ आणि बोअरिंगचं काम दाराशी आहे, बाकीच्यांनी गाडी घ्यायच्या आधी बोअरिंगवाला शोधावा.

कस्टम करायचं की ओरिजिनल, हा प्रश्न खरं तर आरटीओ सोडवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे आहे त्यापासून मूळ रचना बदलायला परवानगी नाही, सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये हे पक्कं केलंय. त्यामुळे बुलेटची मागची फ्रेम कापून बॉबर (बसकी, आखूड शेपटीची गाडी), आरएक्सला दुसऱ्याच गाडीचं इंजिन, असले उद्योग रीलमध्ये छान दिसतात, १५ वर्षांनंतरच्या रिन्यूअलला गाडी उभी केली की रडू येतं. मी म्हणेन की नटबोल्टने लागेल आणि नटबोल्टने निघेल तेवढंच कस्टम करा, सीट, हँडल, मडगार्ड, आणि काढलेलं ओरिजिनल सामान पोत्यात भरून माळ्यावर टाका. रंग बदलला तर आरसीवर चढवून घ्या. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरचं तर सांगायला नको, पोलीस जप्त करून रोलरखाली घालतात तेव्हा पैसे परत मिळत नाहीत. ह्या बाबतीत बुलेट जिंकते, कारण ओरिजिनल रूपातच ती भारी दिसते, आरएक्सवाल्याला मात्र चेंबर (फुगीर पाईपचा बाहेरचा सायलेन्सर) लावायची खाज सुटतेच.

पावडर कोटिंगला फ्रेम देताना चेसिस नंबरवर टेप लावून द्या आणि त्याला तोंडानेही सांगा. ब्लास्टिंगमध्ये (वाळूच्या माऱ्याने जुना रंग काढताना) आणि कोटिंगच्या थरात नंबर पुसट झाला की तपासणीला तुम्हीच चोर. गाडी घ्यायच्या आधीही तेच, कागद ठेवून पेन्सिल घासा, नंबरचा छाप घ्या, आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. "कागद नंतर करून देतो" म्हणणाऱ्याकडून आरएक्स काय, फुकट मिळाली तरी बुलेट घेऊ नका.

येझदी रोडकिंगचंही विचारतात. गाडी सुंदर, किक आणि गिअरचा एकच दांडा, पण १९९६ ला मैसूरचा कारखाना बंद झाला, २०२२ मध्ये आलेल्या नव्या येझदीचे पार्ट हिला बसत नाहीत, पहिल्याच प्रोजेक्टला नको.

तर वरच्या मजल्यावर राहता, एकटे आहात, बजेट आहे, तर आरएक्स. अंगण आहे, मदतीला भाऊ नाहीतर मित्र आहे, वर्ष लागलं तरी चालेल, तर बुलेट, आणि माझ्या खिशातून घ्यायची वेळ आली तर मी बुलेटच घेईन. हात कधी काळे केलेच नसतील तर दोन्ही राहू दे, ओळखीतली जुनी सीडी १०० नाहीतर स्प्लेंडर उचला, पार्ट गावातल्या टपरीवर मिळतात आणि बिघडली तरी कोपऱ्यावरचा मेस्त्री हसत हसत जोडून देतो.