टाइमशिफ्ट: सिस्टीम परत मिळते, लग्नाचे फोटो नाही

टाइमशिफ्ट हे लिनक्सवरचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की ते ओळीने काही प्रश्न विचारतं: स्नॅपशॉट (सिस्टीमची त्या क्षणाची प्रत) कुठल्या प्रकारचा, कुठे ठेवायचा, किती वेळाने घ्यायचा. बहुतेक जण 'नेक्स्ट नेक्स्ट' करत पुढे जातात आणि शेवटचा प्रश्न वाचतच नाहीत. तो होम फोल्डरचा असतो, आणि तिथे आधीपासून निवडलेलं उत्तर म्हणजे 'सगळं वगळा'. तुमचे डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि फोटो या स्नॅपशॉटमध्ये जात नाहीत. ही चूक नाही, मुद्दाम केलेली रचना आहे. पण 'बॅकअप चालू आहे' या भरवशावर बसलेल्या माणसाला ती डिस्क गेल्यावरच कळते.

म्हणून हे परीक्षण वाचताना एक ठरवून घ्या: टाइमशिफ्ट हे बॅकअपचं साधन नाही. विंडोजमधल्या सिस्टीम रिस्टोरचा हा जास्त भरवशाचा भाऊ. अपडेटनंतर ग्राफिक्स बंद पडलं, चुकीचं पॅकेज काढलं आणि सोबत अर्धा डेस्कटॉप गेला, कुठल्या तरी वेबपेजवरची कमांड चिकटवली आणि साउंड गेला, अशा वेळी ते मशीन कालच्या अवस्थेत नेऊन ठेवतं. त्या कामात ते उत्तम आहे.

मूळ लेखक टोनी जॉर्ज. लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टीमने 2017 च्या 18.3 आवृत्तीपासून ते सोबत द्यायला सुरुवात केली आणि 2022 पासून त्याची देखभालही मिंटचीच मंडळी करतात. उबुंटू, डेबियन, आर्च या इतर लिनक्स सिस्टीमच्या सॉफ्टवेअर-भांडारातही ते मिळतं. फुकट आहे, मुक्त आहे, आणि मिंटवर आधीच बसवलेलं असतं.

स्नॅपशॉटचे प्रकार दोन: आरसिंक (फायलींची प्रत करणारं साधन) आणि बीटीआरएफएस (त्याच नावाच्या फाईल सिस्टीमची, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीची, स्वतःची सोय). मिंट किंवा उबुंटू नेहमीच्या पद्धतीने बसवलं असेल तर डिस्क ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाईल सिस्टीम) असते, मग आरसिंकच निवडायचं. बीटीआरएफएसचा स्नॅपशॉट क्षणात होतो, पण त्यासाठी सबव्हॉल्यूमची (डिस्कच्या आतल्या कप्प्यांची) नावं उबुंटूच्या पद्धतीची लागतात: सिस्टीमसाठी नुसतं @ आणि होमसाठी त्याला जोडून होम. फेडोरा ही लिनक्स सिस्टीम बीटीआरएफएसच वापरते, पण तिथली नावं वेगळी असल्यामुळे तो पर्याय तिथे जसाच्या तसा चालत नाही.

आरसिंक प्रकारात जागेचं गणित कसं चालतं हे एकदा नीट समजून घेतलं की पुढच्या निम्म्या तक्रारी मिटतात. पहिला स्नॅपशॉट म्हणजे सिस्टीमची पूर्ण प्रत. मिंटवर चार-पाच जास्तीची सॉफ्टवेअर असतील तर दहा-पंधरा जीबी सहज. दुसऱ्या स्नॅपशॉटच्या वेळी ज्या फायली बदललेल्या नाहीत त्यांची नवी प्रत होत नाही. आधीच्या स्नॅपशॉटमधल्या त्याच फायलीला आणखी एक नाव दिलं जातं, यालाच हार्ड लिंक म्हणतात. समजा 30 एमबीची एक फाईल पाच स्नॅपशॉटमध्ये आहे आणि कधीच बदलली नाही. डिस्कवर ती 30 एमबीच खाते, 150 नाही. पण तिच्यातला एक अक्षर बदलला तरी पुढच्या स्नॅपशॉटमध्ये पूर्ण 30 एमबी नव्याने लिहिले जातात.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही लोकांना चक्रावतात. फाईल मॅनेजरमध्ये एकेका स्नॅपशॉटवर राइट-क्लिक करून आकार पाहिला तर प्रत्येक जण बारा जीबीचा दिसतो. बेरीज केली तर डिस्कपेक्षा मोठी! आणि दुसरी, जास्त त्रासाची: जागा हवी म्हणून सगळ्यात जुना स्नॅपशॉट काढला तर बारा जीबी मोकळे होत नाहीत, कधी कधी तीनशे-चारशे एमबीच होतात. कारण त्यातल्या बहुतेक फायलींची इतर नावं पुढच्या स्नॅपशॉटमध्ये जिवंत असतात. शेवटचं नाव जाईपर्यंत जागा सुटत नाही.

याच कारणासाठी स्नॅपशॉटच्या फोल्डरात शिरून रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) अधिकाराने एखादी फाईल 'जरा दुरुस्त' करू नका. एकच फाईल पाच नावांनी असते, त्यामुळे ती पाचही ठिकाणी बदलू शकते. वाचायला, एखादी जुनी कॉन्फिग फाईल बाहेर कॉपी करून घ्यायला मात्र हे फोल्डर फार सोयीचं आहे, कारण सगळं उघड्या फायलींच्या रूपात असतं. छपाई बंद पडली म्हणून अख्खी सिस्टीम मागे नेण्याऐवजी तेवढी कप्सची (छपाई सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची) सेटिंग उचलून आणता येते.

जागा निवडण्याची पायरी. इथे एनटीएफएस किंवा फॅट या विंडोजच्या फाईल सिस्टीम असलेली डिस्क चालत नाही, कारण लिनक्सचे मालकी हक्क आणि हार्ड लिंक तिथे ठीक टिकत नाहीत. बाजारातून आणलेली पोर्टेबल हार्डडिस्क बहुधा एनटीएफएस किंवा एक्सफॅट असते, म्हणून ती इथे निवडता येत नाही. उपाय म्हणजे 'डिस्क्स' हे ॲप उघडून तिच्यावर 60 ते 100 जीबीचं वेगळं ईएक्सटी४ पार्टिशन करायचं. असलेलं पार्टिशन लहान करण्याआधी आतला डेटा दुसरीकडे हलवा, आणि हे नवं पार्टिशन विंडोजला वाचता येणार नाही हेही लक्षात ठेवा. विंडोज 'फॉरमॅट करू का?' विचारेल तेव्हा 'नाही' म्हणा. नेटवर्कवरची जागा टाइमशिफ्ट स्वीकारत नाही, ही त्याची खरी उणीव.

लॅपटॉपमध्ये एकच 256 जीबीची एसएसडी असेल तर स्नॅपशॉट तिथेच ठेवले तरी चालतात. बिघडलेल्या अपडेटपासून तेवढं संरक्षण पुरतं. एसएसडीच मेली तर स्नॅपशॉटही सोबत जातात, एवढं समजून.

वेळापत्रकाचं काय? महिना, आठवडा, दिवस, तास आणि बूट असे पाच पर्याय आहेत आणि प्रत्येकात किती ठेवायचे हे ठरवता येतं. दिवसाचे पाच, आठवड्याचे तीन, महिन्याचे दोन असे आकडे आधीच भरलेले असतात. आमचं मत: घरच्या मशीनला रोजचे तीन आणि आठवड्याचा एक पुरे. तासाचा पर्याय बंदच ठेवा. महिन्याचाही, कारण तीन आठवड्यांपूर्वीच्या सिस्टीमवर परत जाण्याची वेळ कुणावर फारशी येत नाही आणि तोवर जुनी पॅकेजं जागा अडवून बसतात. बूटचा स्नॅपशॉट मशीन चालू झाल्यावर दहा मिनिटांनी घेतला जातो. जुन्या हार्डडिस्कवर सकाळी चालू केल्यावर थोड्या वेळाने मशीन घोरायला लागतं ते बऱ्याचदा यामुळे. सगळ्यात कामाचा स्नॅपशॉट मात्र हाताने घेतलेला: ड्रायव्हर बदलण्याआधी किंवा मिंटच्या पुढच्या आवृत्तीवर जाण्याआधी 'क्रिएट' दाबायचं आणि शेजारच्या कमेंटच्या रकान्यात 'एनव्हीडिया ड्रायव्हरआधी' असं लिहून ठेवायचं. हे वेळापत्रकाच्या छाटणीत आपोआप पुसले जात नाहीत, म्हणून काम झाल्यावर स्वतः काढा.

आता सगळ्यात जास्त घडणारा अपघात. स्नॅपशॉट सिस्टीमच्याच पार्टिशनवर, ते पार्टिशन जेमतेम 40 जीबीचं, आणि एके दिवशी ते काठोकाठ भरतं. लक्षण ठरलेलं: पासवर्ड बरोबर टाकला की पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनचीच खिडकी समोर. लोक पासवर्ड बदलायच्या मागे लागतात. पासवर्ड ठीकच असतो, डेस्कटॉप सुरू करायला लागणाऱ्या छोट्या फायली लिहायला जागाच नसते. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा, काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड टाकून आत या आणि

सुडो टाइमशिफ्ट --डिलीट

ही कमांड द्या (इथे देवनागरीत आहे, टाइप अर्थातच रोमन लिपीत करायची). क्रमांकांसह यादी येते, त्यातला जुना निवडायचा. एकाने जागा झाली नाही तर आणखी एक. कारण वर सांगितलंच आहे. मग मिंटवर कंट्रोल, ऑल्ट, एफ७ दाबून लॉगिनला परत. फाईल मॅनेजर रूट म्हणून उघडून स्नॅपशॉट कचरापेटीत टाकण्याचा मोह टाळा. तो रूटच्या कचरापेटीत जाऊन बसतो आणि जागा तशीच अडलेली राहते.

डिस्क भरण्याचं आणखी एक कारण फिल्टरमध्ये सापडतं. व्हर्च्युअल मशीनची (संगणकाच्या आत चालवलेल्या दुसऱ्या संगणकाची) 40 जीबीची डिस्क-फाईल होम फोल्डरबाहेर ठेवलेली असेल तर ती मशीन चालवल्यावर दर वेळी बदलते, म्हणजे दर स्नॅपशॉटला नवे 40 जीबी. सेटिंग्ज, मग फिल्टर्स, तिथे ते फोल्डर वगळलेल्यांत घाला.

परत आणण्याचं काम तसं सरळ आहे. मशीन चालू होत असेल तर यादीतला स्नॅपशॉट निवडून 'रिस्टोर' दाबायचं. काय काय बदलणार याची यादी दाखवली जाते, ती निदान वरवर तरी पाहा. नंतर मशीन स्वतःच रीस्टार्ट होतं. चालूच होत नसेल तर मिंटचा इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह लावा, त्यात टाइमशिफ्ट असतंच. सेटिंग्जमध्ये स्नॅपशॉटची डिस्क दाखवली की जुनी यादी उभी राहते. इथे दोन ठिकाणी चुका होतात. पहिली: कुठलं पार्टिशन कुठे बसवायचं हे विचारलं जातं, तेव्हा रूटसमोर (इथे अर्थ सिस्टीमची मुख्य जागा) तुमच्या आतल्या डिस्कचं पार्टिशन आहे आणि ईएफआयसमोर (बूटच्या फायलींची जागा) तिचंच लहान पार्टिशन आहे, याची आकार पाहून खात्री करा. दुसरी: मशीन यूईएफआयवर (बूट करण्याच्या नव्या पद्धतीवर) चालत असेल तर पेनड्राइव्हही यूईएफआय पद्धतीनेच बूट करा. बूट मेनूत एकाच पेनड्राइव्हची दोन नावं दिसतात ती याचसाठी. चुकीच्या पद्धतीने सुरू करून ग्रब (सिस्टीम बूट करून देणारा प्रोग्राम) पुन्हा बसवलं तर सिस्टीम परत येते, पण बूट होत नाही, आणि दोष टाइमशिफ्टच्या माथी येतो.

परत आल्यावर अपडेट मॅनेजर तेच अपडेट पुन्हा दाखवेल, कारण पॅकेजांची नोंदही मागे गेलेली असते. गडबड करणारं पॅकेज ओळखू आलं तर त्यावर राइट-क्लिक करून ते दुर्लक्षित ठेवा. नाहीतर संध्याकाळी पुन्हा तिथेच.

दोन प्रसंगी रिस्टोर दाबू नका. नव्या कर्नलनंतर (लिनक्सच्या गाभ्यानंतर) वायफाय गेलं असेल तर आधी ग्रबच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुन्या कर्नलने सुरू करून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि सिनॅमनचं (मिंटच्या डेस्कटॉपचं) पॅनल गायब झालं किंवा ॲपलेट अडकलं तर टाइमशिफ्टचा उपयोगच नाही, कारण त्या सेटिंग्ज होम फोल्डरातल्या लपलेल्या फायलींत असतात. कंट्रोल, ऑल्ट, एस्केप दाबून सिनॅमन रीस्टार्ट करा. पॅनल दिसत असेल तर त्यावर राइट-क्लिक करून 'ट्रबलशूट'मध्ये सगळं मूळपदावर आणण्याची सोय आहे.

मग लपलेल्या फायलीही स्नॅपशॉटमध्ये घेतल्या तर? तसा पर्याय आहे, पण आमचा सल्ला नको असाच. फायरफॉक्सची बुकमार्क आणि थंडरबर्डमधली डाउनलोड केलेली मेल तिथेच असते. मंगळवारचा स्नॅपशॉट शुक्रवारी परत आणला की तीन दिवसांची मेल मशीनवरून गेली. हाच धोका होमच्या बाहेरच्या डेटालाही आहे, आणि तो कुणी सांगत नाही. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसचे डेटाबेस व्हार फोल्डरात राहतात, लोकल वर्डप्रेस साइटही तिथेच. सिस्टीमसोबत तेही मागे जातात. वेबचं काम करणाऱ्यांनी रिस्टोरआधी डेटाबेसचा डम्प (पूर्ण प्रत) काढून होम फोल्डरात ठेवावा.

तक्रारी विचाराल तर: रिस्टोरच्या पडद्यावरची भाषा नवशिक्याला घाबरवणारी आहे, 'इनिशियल रॅम डिस्क' असले शब्द समजावण्याचे कष्ट घेतलेले नाहीत. आरसिंकमध्ये कॉम्प्रेशन नाही. जागा संपत आल्याचा इशारा डेस्कटॉपवर ठळकपणे मिळायला हवा होता. आणि होम वगळलं आहे हे मुख्य खिडकीवर कायम दिसायला हवं, चौकशी केल्यावर नाही.

फोटो आणि कागदपत्रांसाठी 'देजा दुप' हे बॅकअपचं सॉफ्टवेअर वापरा, किंवा मिंटचं स्वतःचं 'बॅकअप टूल'. त्यात होम फोल्डरची प्रत आणि बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी दोन्ही वेगवेगळी ठेवता येतात. ती प्रत मात्र टाइमशिफ्टच्या पार्टिशनवर कोंबू नका, दुसरी डिस्क घ्या.