बुलेट ३५०चा क्रँक: नाइफ-एज की बॅलन्सिंग मशीन?

जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटचा क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा) बॅलन्स करायला नाइफ-एज, म्हणजे क्रँक मोकळा लोळेल अशा दोन समतल धारा, पुरते. पिस्टन, रिंगा, गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी) मिळून ४०० ग्रॅम आणि कनेक्टिंग रॉडचं वरचं टोक १०० ग्रॅम धरा. ६० टक्के बॅलन्स फॅक्टरने, म्हणजे या वर-खाली होणाऱ्या ५०० ग्रॅमपैकी जेवढा भाग क्रँकने तोलायचा त्या हिश्शाने, ३०० ग्रॅम हवेत. टोकाचे १०० आहेतच, म्हणून त्यावर २०० टांगा. क्रँक कुठल्याही कोनात थांबला तर काम झालं. क्रँकपिन (रॉड क्रँकला जोडणारी पिन) खाली आली तर पिनच्या बाजूला भोक पाडून वजन कमी करा, वर गेली तर पिनच्या विरुद्ध बाजूला. दोन्ही फ्लायव्हीलना (क्रँकच्या दोन्ही बाजूंच्या जड चकत्यांना) सारखंच, नाहीतर क्रँक डावी-उजवीकडे डुलतो. हा दोष नाइफ-एजवर दिसतच नाही, क्रँक फिरवून तपासणारी बॅलन्सिंग मशीन मात्र लगेच दाखवते. म्हणून ट्रायम्फसारख्या ट्विनला (दोन सिलिंडरच्या इंजिनाला) मशीनच, तेही क्रँकपिनवर अचूक वजनं बांधून. पण आधी रनआउट, म्हणजे क्रँक फिरताना दिसणारा वाकडेपणा, काढून टाका. वाकडा क्रँक बॅलन्स करणं म्हणजे नुसती भोकं वाया.