सौर पॅनेलसह छोटे पॉवर स्टेशन : मुंबईच्या घरासाठी कोणते, आणि पॅनेल घ्यावेच का?

पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणजे लिथियम बॅटरी, तिच्यातून २३० व्होल्टची वीज तयार करणारा इन्व्हर्टर आणि सौर पॅनेल जोडण्यासाठीचा चार्जर, हे तिन्ही एकत्र बसवलेला, हातात उचलून नेता येणारा खोका. विक्रेते तो बहुधा १०० वॉटच्या घडीच्या पॅनेलसह जोडीने विकतात आणि ग्राहकही ‘किती मोठा घ्यावा’ या प्रश्नापासूनच सुरुवात करतो. मुंबईकराने मात्र उलट्या टोकाकडून यावे, असे माझे मत आहे. आधी आपल्या घरात ऊन कुठे आणि किती वेळ येते ते पाहावे, मग वीज गेल्यावर नेमके काय चालू राहायला हवे ते ठरवावे आणि खोक्याचा आकार सर्वांत शेवटी ठरवावा. या क्रमाने विचार केल्यास अनेकांना पॅनेल लागणार नाही आणि काहींना तर खोकाही लागणार नाही.

खोका न लागणारे कोण, ते लगेच सांगता येते. ज्या टॉवरमध्ये सोसायटीचा जनरेटर केवळ लिफ्ट आणि पाण्याचा पंपच नव्हे, तर प्रत्येक सदनिकेतील एकदोन पॉइंटही चालवतो, तेथे हा खर्च अनाठायी आहे. ज्यांना फक्त वायफाय चालू राहायला हवे, त्यांना राउटरसाठीचा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो. पाव किलोच्या आसपासची ही डबी दहा वॉटचा राउटर दोन-तीन तास सहज चालवते. मात्र इंटरनेट स्थानिक केबलवाल्याकडून घेतले असेल आणि त्याचा स्विच जिन्यातल्या पेटीत विजेवर चालत असेल, तर घरातला राउटर जागा असूनही इंटरनेट बंदच राहते, हे आधी विचारून घ्यावे.

मुंबईत वीज क्वचित जाते, ही गोष्टही नाकारता येत नाही. शहर भागात बेस्ट, उपनगरांत प्रामुख्याने अदानी आणि टाटा, मुलुंड-भांडुपकडे महावितरण अशी विभागणी असली, तरी बहुतेकांचा अनुभव तासाभराच्या खंडाचाच असतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास पारेषण यंत्रणेतील बिघाडामुळे लोकलसह जवळजवळ सारे शहर थांबले, तेव्हाही बऱ्याच भागांत काही तासांत वीज परतली. याला मोठा अपवाद २६ जुलै २००५ चा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उपनगरांच्या काही भागांत वीज यायला दिवस लागले. मात्र त्या दिवसांत आकाश काळवंडलेले होते. म्हणजे मुंबईत दीर्घकाळ वीज जाण्याची शक्यता ज्या ऋतूत सर्वाधिक, त्याच ऋतूत सौर पॅनेल सर्वांत दुबळे असते. पॅनेलचा निर्णय या विसंगतीपासूनच सुरू होतो.

पॅनेलवर छापलेले १०० वॉट हे प्रयोगशाळेतले असतात : प्रति चौरस मीटर १००० वॉट प्रकाश आणि सेलचे तापमान २५ अंश. एप्रिलमध्ये गच्चीवर ठेवलेल्या पॅनेलचे सेल ६० अंशांपर्यंत सहज तापतात आणि २५ च्या वर प्रत्येक अंशामागे उत्पादन साधारण ०.३५ ते ०.४ टक्के घटते, म्हणजे केवळ उष्णतेपायी १२ ते १४ टक्के गेले. धूळ, वायर आणि चार्जर यांतील घट धरता मोकळ्या गच्चीवर ऐन दुपारी ७० ते ७५ वॉट मिळाले, तर पॅनेल चांगले आहे असे समजावे. ढगाळ पावसाळी दिवशी हाच आकडा दहा ते पंचवीसवर येतो.

गच्ची मात्र सोसायटीची असते आणि रोज पॅनेल घेऊन वर जाणारे फारसे कोणी नसते. म्हणून प्रश्न खिडकीचा येतो. येथे मुंबईचे अक्षांश आडवे येतात. शहर साधारण १९ अंश उत्तरेला आहे. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस येथे शून्य सावलीचा दिवस येतो आणि या दोन दिवसांमधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. त्यामुळे ‘माझी खिडकी दक्षिणेची आहे, मग ऊन भरपूर’ असे म्हणणाऱ्याच्या खिडकीत या अडीच महिन्यांत भर दुपारी थेट ऊन पडतच नाही, आणि मार्च-एप्रिलमध्येही उंच आलेला सूर्य वरच्या छज्जाआड जातो. दक्षिणेची खिडकी खरी उपयोगाची ती नोव्हेंबर ते जानेवारी, जेव्हा दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर असतो. पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांना दिवसाचे दोन-अडीच तास मिळतात, तेही समोर दुसरी इमारत नसेल तर.

त्यात भर पडते ती ग्रिलची. पॅनेलमधील सेल एकामागोमाग एक अशा साखळीत जोडलेले असतात आणि ग्रिलच्या एका पट्टीची सावली एखाद्या सेलवर पडली, तरी त्या साखळीचा सारा प्रवाह अडतो. सावलीतल्या सेलना वळसा घालून प्रवाह पुढे नेणाऱ्या बायपास डायोडमुळे उरलेला भाग काही प्रमाणात वाचतो, पण ‘फक्त दोन बोटांची सावली आहे’ म्हणून दोन बोटांएवढीच घट होईल, असे समजू नये. माझ्या विलेपार्ल्याच्या घरातील पश्चिमेच्या गॅलरीत मार्च महिन्यात ग्रिलबाहेर टांगलेल्या १०० वॉट पॅनेलने सर्वोत्तम क्षणी ५८ वॉट दिले आणि अख्ख्या दिवसात जेमतेम १२५ वॉट-अवर (एक वॉटचे उपकरण तासभर चालवणारी ऊर्जा म्हणजे एक वॉट-अवर). तेच पॅनेल देवगड तालुक्यातील आमच्या गावच्या अंगणात सकाळपासून ठेवले, तेव्हा साडेतीनशेच्या पुढे गेले. ‘पॅनेल घेतल्यास वीजबिल वाचेल’ हा विक्रेत्याचा युक्तिवाद येथेच निकालात निघतो. एक युनिट म्हणजे १००० वॉट-अवर; दिवसाला १२५ वॉट-अवर म्हणजे महिन्याला चारही युनिट नाहीत.

तेव्हा पॅनेलपुरता माझा कौल असा की केवळ मुंबईच्या फ्लॅटसाठी ते घेऊ नये. खोका भिंतीतल्या सॉकेटवरून तासा-दोन तासांत भरतो आणि वीज क्वचितच जाते, तेथे तेवढे पुरते. ज्यांचे कोकणात किंवा घाटमाथ्यावर घर आहे, जेथे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या वाऱ्यात झाड पडून वीज दोन दिवस जाते आणि मग लख्ख ऊन पडते, किंवा जे डोंगरांत मुक्काम करतात, त्यांच्यासाठी पॅनेल हीच खरी खरेदी आहे.

घेणाऱ्याने घडीचे की काचेचे, हेही ठरवावे. घडीचे १०० वॉट पॅनेल चार-पाच किलोचे असते, गाडीत मावते आणि आपल्या पायांवर तिरके उभे राहते; परंतु किंमत जास्त, वॉरंटी बहुधा दोन-तीन वर्षांचीच आणि कापडी सांधे कालांतराने सैल होतात. काचेचे पॅनेल सहा-आठ किलोचे, अवजड, पण स्वस्त असते आणि त्याच्या उत्पादनाची हमी बहुतेक उत्पादक २५ वर्षांची देतात. गावच्या कौलांवर किंवा पडवीच्या पत्र्यावर कायम बसवायचे असेल तर काचेचेच घ्यावे. घडीचे घेतल्यास वरचा थर ईटीएफई या टिकाऊ प्लास्टिकचा असावा, कारण साध्या पीईटी प्लास्टिकचा थर उन्हाने लवकर पिवळा पडतो.

आता खोका. त्याचा आकार ठरवणारे उपकरण लॅपटॉप नसून छताचा पंखा आहे, कारण मुंबईच्या दमट हवेत रात्री वीज गेल्यावर माणूस प्रथम त्याचीच आठवण काढतो. जुना पंखा सुमारे ७५ वॉट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटरचा पंखा, ३० च्या आसपास. त्याला राउटरचे दहा आणि एका एलईडी दिव्याचे दहा जोडले, तर जुन्या पंख्यासह भार ९५ वॉट होतो आणि नव्यासह ५०. खोक्यातील ऊर्जा इन्व्हर्टरमधून येताना साधारण पाचवा हिस्सा वाया जातो, म्हणून ५०० वॉट-अवरच्या खोक्यातून ४०० धरावेत : जुन्या पंख्यासह चार तास, बीएलडीसीसह आठ. याचा अर्थ, तीनेक हजारांचा पंखा बदलणे हे दुप्पट आकाराचा खोका घेण्याच्या बरोबरीचे आहे. हे गणित दुकानात कोणी करून दाखवत नाही, यात नवल नाही.

बाजारात मुख्यतः तीन आकार दिसतात. सुमारे २५० वॉट-अवरचा खोका चार किलोच्या आत असतो आणि ३०० वॉटपर्यंतचा भार घेतो. त्यावर वरचा ५० वॉटचा भार चार तास चालतो. एकट्या व्यक्तीला, घरून काम करणाऱ्याला किंवा भटक्याला तो पुरेसा आहे. ५०० वॉट-अवरचा खोका सहा ते आठ किलोचा, म्हणजे वृद्ध आई-वडिलांनाही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेता येईल असा, आणि मुंबईच्या कुटुंबासाठी माझ्या मते हाच योग्य. १००० वॉट-अवरचा अकरा ते चौदा किलोचा असतो. तो घेण्याचे एकमेव सबळ कारण फ्रिज, आणि तेथेही आधी विचार करावा, कारण दार न उघडल्यास फ्रिज चार तास थंड राहतो. शिवाय जुन्या कॉम्प्रेसरला सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट वीज लागते, तेवढा क्षणिक भार इन्व्हर्टरने पेलला पाहिजे. गिझर, इंडक्शन किंवा एसी वरच्या तीन आकारांपैकी कोणत्याही खोक्यावर चालवण्याचा विचार सोडून द्यावा. घरात पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल, तर त्याचे सुमारे ३५० वॉट ५०० च्या खोक्याला तासाभरात संपवतात. अशा रुग्णासाठी सिलिंडरची सोयच हवी.

याच पैशांत पारंपरिक इन्व्हर्टर का घेऊ नये, हा रास्त प्रश्न आहे. १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी आणि इन्व्हर्टर मिळून साधारण २० ते २५ हजारांत येतात, कागदोपत्री १८०० वॉट-अवर साठवतात, त्यातले आयुष्य न घटवता निम्मे वापरता येतात आणि वीज गेल्याचे कळण्याआधीच पंखे चालू असतात. शुद्ध हिशेबात तो जिंकतो. पण पन्नास किलोंहून जड बॅटरी ठेवायला हवेशीर कोपरा, दर काही महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर आणि बोर्डात स्वतंत्र वायरिंग लागते; वन-रूम-किचनमध्ये तो कोपरा मिळणे हाच मोठा प्रश्न. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने आणि गावी ये-जा करणाऱ्याने खोका घ्यावा. स्वतःच्या, मोठ्या आणि वीज वारंवार जाणाऱ्या घरात इन्व्हर्टर. एक धोका मात्र आवर्जून सांगतो. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून खोक्याची वीज भिंतीच्या सॉकेटमधून सगळ्या घराला देण्याचा ‘जुगाड’ कधीही करू नये. मुख्य स्विच चालू राहिला तर ती वीज बाहेरच्या लाइनवर जाते आणि तेथे काम करणाऱ्याचा जीव घेऊ शकते.

बॅटरीच्या प्रकारात तडजोड नको. फक्त ‘लिथियम-आयन’ लिहिलेल्या खोक्यात बहुधा एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेल असतात, जे हलके पण साधारण ५०० ते १००० चक्रांत, म्हणजे तितक्या वेळा भरून रिकामे झाल्यावर, थकतात. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, काहीसे जड असले तरी दोन-तीन हजार चक्रे टिकतात आणि तापल्यावर पेट घेण्याची शक्यता त्यांत बरीच कमी असते. हे रसायन टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या चमूने १९९७ मध्ये मांडले. बंद खोलीत ३५ अंशांत वर्षानुवर्षे पडून राहणाऱ्या वस्तूसाठी वजनापेक्षा हे महत्त्वाचे. क्षमता नेहमी वॉट-अवरमध्येच विचारावी. ‘८०,००० एमएएच’ (मिलिअँपिअर-अवर) हे मोठ्या अक्षरांतले आकडे एका एलएफपी सेलच्या ३.२ व्होल्टने गुणून वॉट-अवरमध्ये आणले की २५६ वॉट-अवरच निघतात. बॅटरीवर आयएस १६०४६ या भारतीय सुरक्षा मानकाची नोंद असावी आणि इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरातल्या विजेसारखीच गुळगुळीत लहर देणारा, ५० हर्ट्झचा असावा. परदेशातून नातेवाइकाने आणलेला १२० व्होल्टचा खोका येथे निरुपयोगी आहे. तसा तो विमानातून आणताही येत नाही, कारण प्रवाशाला विमान कंपनीच्या परवानगीनेही १६० वॉट-अवरपर्यंतचीच बॅटरी नेता येते.

पॅनेल वेगळे घेणाऱ्याने खोक्याच्या सौर सॉकेटची व्होल्टेज मर्यादा वाचल्याखेरीज पैसे देऊ नयेत. छोट्या खोक्यांत ती अनेकदा २८ व्होल्टच्या आसपास असते, १०० वॉटचे एक पॅनेल भाराविना २१ ते २४ व्होल्ट देते, आणि दोन पॅनेले एकापुढे एक जोडली की हा आकडा दुप्पट होऊन चार्जर जळतो. ती समांतरच, म्हणजे दोन्हींचे प्लस एकत्र आणि मायनस एकत्र, अशी जोडावीत. जोडणीचे कनेक्टर आणि वायर लॅमिंग्टन रोडवर मिळतात, पण खोका सोबत नेऊन तेथेच लावून पाहावा. खोका मात्र अशाच विक्रेत्याकडून घ्यावा ज्याचे दुरुस्ती केंद्र मुंबई-ठाण्यात आहे, कारण एवढी मोठी लिथियम बॅटरी नेहमीच्या हवाई कुरिअरने पाठवता येत नाही आणि परगावच्या केंद्रापर्यंत ती पोहोचवण्याची जबाबदारी शेवटी ग्राहकावरच येते.