ग्रुप, फळा की शीट? फाउंड्रीवाल्यांनी निवडायचं कसं

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत तुमची ३०-३५ माणसांची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना असेल आणि दिवसभराच्या मेसेजनी डोकं उठत असेल, तर तीन वाटा आहेत: सगळ्यांचा एकच व्हॉट्सॲप ग्रुप, सकाळी फळ्यासमोर उभ्यानं बोलणं, किंवा ऑफिसात गुगल शीट. तिन्ही मी वापरल्यात.

ग्रुप काढायला खर्च नाही. पण ३० जणांत दिवसाला ४० मेसेज पडले, तर १२०० वेळा कुणीतरी खिशातून मोबाईल काढणार. एसजी आयर्न, म्हणजे मॅग्नेशियम घालून केलेलं चिवट बीड, ओतताना हे परवडत नाही. मॅग्नेशियम ट्रीटमेंटचा असर लगेच उतरायला लागतो, दहाएक मिनिटांत साचे भरावे लागतात. मी आधी जिथं होतो तिथं कोअर (कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) बदलल्याचा निरोप वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गेला आणि अख्खी हीट, म्हणजे भट्टीतला एका वेळचा सगळा रस, जुन्या कोअरवर ओतली गेली. बोलणी खाल्ली मोल्डिंगच्या पोरांनी. त्यांची चूक नव्हती, हे मला आजही टोचतं.

फळ्यावर चारच रकाने हवेत: पॅटर्न (ज्यावरून साचा बनतो तो नमुना) नंबर, साचे किती, हीट कुठली, अडलंय काय. शिफ्ट सुरू होताना १० मिनिटं, सगळे उभे. मालकानं भाषण करायचं नाही, अडलेलं आधी ऐकायचं. बिहार-ओडिशातून आलेल्या कामगाराला मराठी मेसेज वाचता येत नाही, पण पॅटर्न नंबर आणि आकडा कळतो. उणीव एकच, दुसऱ्या पाळीला सकाळचं बोलणं माहीत नसतं. म्हणून दोन्ही सुपरवायझरनी पाळीचा चार्ज फळ्यासमोरच द्यायचा-घ्यायचा.

शीट डिस्पॅच आणि स्टोअरसाठी. ‘गाडी निघाली का?’ हा दिवसातून दहादा येणारा प्रश्न तिथं संपतो, मात्र प्रत्येक रकाना एकाच माणसानं भरायचा.

माझं मत स्पष्ट आहे: शॉप फ्लोअरवर फळा, ऑफिसात शीट. ग्रुप मात्र मोडू नका, ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ ही सेटिंग लावा. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ हायवे बंद झाला. अशा वेळी ‘आज घरीच थांबा’ हे एका मेसेजमध्ये सगळ्यांपर्यंत जायला हवं. गोंगाटाला कंटाळून निम्म्यांनी ग्रुप म्यूट केला असेल, तर ते जात नाही. भट्टीत बिघाड किंवा कुणाला इजा झाली, तर मेसेज नको, थेट फोन. शुभेच्छांसाठी वेगळा ग्रुप असू द्या. सोबत काम करणाऱ्यांना एकमेकांचं बरं-वाईट कळलंच पाहिजे.

सुरुवात फळ्यापासून करा आणि ग्रुपची सेटिंग पंधरा दिवसांनी बदला. फळ्यावर उत्तर मिळायची सवय लागायच्या आत ग्रुप आवळला, तर तेच प्रश्न फोनवर यायला लागतात.